चौघांना पुरेल एवढी वाट

गुडघा दुखायला लागला म्हणून माझी मैत्रीण टेकायला जागा शोधू लागली, तेव्हा आमच्या लक्षात आलं की तासाभरापासून आम्ही चौघं ज्या जुन्या वस्तीत हिंडत होतो, तिथे बसायला जागाच नव्हती. कमानींना नवा रंग होता, भिंतींवर पितळी दिवे होते, दर चार-पाच घरांमागे माहितीचा फलक होता. पण फलक वाचायला थांबावं तर मागून दुचाकीचा हॉर्न, आणि बाजूला सरावं तर लावून ठेवलेल्या गाड्यांची रांग. शेवटी एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बसा ताई, दगड गार आहे." ती बसली, मग आम्ही तिघंही टेकलो. पुढच्या पाऊण तासात त्या वस्तीबद्दल जे ऐकलं, ते एकाही फलकावर लिहिलेलं नव्हतं.

उठताना ओट्याच्या कडेला तांबड्या रंगाचा जाड फराटा दिसला. रस्तारुंदीसाठी मोजणी करायला आलेले लोक तो मारून गेले होते. फराट्याच्या अलीकडचं सगळं जाणार, असं आजोबांनी सांगितलं. ओटा अलीकडेच होता.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. जुनी वस्ती जपली जातेय की नाही, हे कमानीच्या रंगावरून ठरवू नये. चार माणसं गप्पा मारत तिथून चालू शकतात का, दमली तर बसू शकतात का, आणि त्यांना "बसा" म्हणणारं कुणी अजून तिथे राहतं का, यावरून ठरवावं. वारशासाठी शहराकडे जो काही पैसा, जे काही नियम आणि जो काही अधिकार असेल, तो आधी यासाठी वापरावा. दर्शनी भिंती त्यानंतर. वास्तू जपणाऱ्या जाणकारांना हा क्रम उलटा वाटेल, हे मला माहीत आहे. भिंत पडली तर परत येत नाही, माणसांना मात्र कधीही चालता येईल, असं ते म्हणतील. मला वाटतं, पायी येणाऱ्यांची वाट एकदा मोडली की भिंतही फार काळ टिकत नाही. रोज जिच्या बाजूने कुणी जात नाही, तिला गेलेला तडा कुणाला दिसणार?

पायीच का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. गाडीने जावं, मुख्य वास्तूपाशी उतरावं, पाहावं, परत यावं. त्याला उत्तर म्हणून मी एका दगडाची गोष्ट सांगते. त्याच वस्तीत एका बोळाच्या तोंडाशी, भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून गुडघ्याएवढा, वर निमुळता होत गेलेला दगड रोवलेला आहे. आमच्यातला एक जण बांधकामातला. तो उकिडवा बसला आणि दगडावरून हात फिरवू लागला. एका बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडवी खोबण पडली होती. आत अगदी गुळगुळीत. वळणाऱ्या गाडीचं चाक भिंतीला लागू नये म्हणून असे दगड रोवत, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याने आम्हाला दाखवली ती वर, हातभर उंचीवर असलेली दुसरी, पुसटशी खोबण. "ही निराळ्या गाडीची. हिचा आस उंच होता," तो म्हणाला. म्हणजे त्या बोळात कधीतरी गाड्या बदलल्या होत्या, व्यापार बदलला असेल, माल बदलला असेल. आम्ही चौघं त्या दगडाभोवती दहा मिनिटं बसून होतो. चालत्या गाडीच्या काचेतून हा दगड फार तर अडथळा म्हणून दिसेल.

एकटी असते तर मीही पुढे गेले असते. सोबतीने चालण्याचं मोल मला इथेच दिसतं. मित्रांच्या घोळक्यात प्रत्येकाचे डोळे वेगळ्या ठिकाणी जातात. एकाला जोडकाम दिसतं, एकीला दारावरची नावं दिसतात, एकाला नुसता वास येतो आणि इथे कधीकाळी रंगाऱ्यांची वस्ती असावी असं वाटून जातं. मग वाद होतो. एका घराच्या वरच्या मजल्यावरची खिडकी विटांनी बुजवलेली होती. एक म्हणाला, आत नंतर जिना काढला असेल. दुसरी म्हणाली, समोरच्यांशी भांडण झालं असेल. दारात निवडत बसलेल्या बाईंनाच विचारलं. "भाऊ वेगळे झाले तेव्हा बुजवली," त्या म्हणाल्या आणि हसून पुढे म्हणाल्या, "आता दोघंही इथे राहत नाहीत." वाटाड्याच्या मागे वीस जणांत मी असते, तर हा प्रश्न मनात आला तरी विचारला नसता. एकटी असते तर बाईंना विचारायचा धीर झाला नसता. दोघं-चौघं असलं की माणूस बोलतं, आणि समोरच्यालाही चार जणांची भीती वाटत नाही. आणखी एक गोष्ट: घोळक्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांवर ठरतो. जुनी वस्ती त्याच वेगाने कळते.

रोमचा एक नकाशा १७४८ साली प्रसिद्ध झाला. जामबातिस्ता नोली या माणसाने तो वर्षानुवर्षं मोजणी करून बनवला आणि छपाईसाठी तो तांब्याच्या १२ पत्र्यांवर कोरला गेला. त्यात बांधलेला भाग गडद आहे आणि रस्ते, चौक पांढरे. इतपत कुठल्याही नकाशात असतं. नोलीने चर्चच्या आतली जागाही पांढरी ठेवली, स्तंभांच्या ओवऱ्याही पांढऱ्या ठेवल्या. पायी निघालेल्या माणसाला जिथे जिथे शिरता येतं, ते सगळं एकाच रंगात. मालकी कुणाची आहे हा प्रश्न त्या रंगाने विचारलाच नाही. आपल्या शहरांच्या जुन्या भागांचा असा नकाशा आज कुणी काढला तर पांढरं किती उरेल? लावलेल्या गाड्यांखालचा रस्ता काळा करावा लागेल. कुलूप लागलेली आवारं काळी. पूर्वी आरपार जाणारे आणि आता मध्येच लोखंडी दाराने अडवलेले बोळ काळे. मला असा नकाशा प्रत्येक शहराने काढून भिंतीवर लावलेला बघायचा आहे. दर पाच वर्षांनी पुन्हा काढावा आणि शेजारी लावावा. वारसा वाढतोय की घटतोय, ते शाळकरी पोरालाही सांगता येईल.

पायी चालणाऱ्याचा हक्क ही पर्यटनाच्या काळातली हौस आहे, असं समजण्यात चूक होते. अनेक जुन्या शहरांत तो बांधकामाचाच नियम होता. इटलीतल्या बोलोन्याने १२८८ साली नियम केला की नव्या घराला रस्त्याच्या बाजूने छपराची ओवरी असलीच पाहिजे. जागा घरमालकाची, डागडुजी त्याची, पण खालून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. घोड्यावर बसलेला माणूस जाऊ शकेल एवढी, म्हणजे २.६६ मीटर, उंची त्यांनी ठरवली होती. आज त्या शहरात अशा ओवऱ्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्या ओवऱ्यांना जागतिक वारसा ठरवलं. सिंगापूरच्या १८२२ च्या नगररचनेतही रॅफल्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने प्रत्येक घरापुढे सलग, छपराखालची, कायम खुली वाट सक्तीची केली. तिथे आणि मलेशियात ती 'पाच फुटी' म्हणूनच ओळखली जाते. काठमांडूच्या खोऱ्यात रस्त्याच्या कडेला छप्पर घातलेले चौथरे असतात. नेवार लोक त्यांना फल्चा म्हणतात. वाटसरूने बसावं, पाऊस टळेपर्यंत थांबावं, वाटलं तर रात्र काढावी, यासाठी लोकांनी ते बांधले आणि ते नीट राहावेत म्हणून जमिनी लावून दिल्या. त्या आजोबांचा ओटा याच कुळातला आहे. घराचा आणि रस्त्याचा तो सामाईक तुकडा. सातबाऱ्याच्या नजरेतून तो कुणाचा हे सांगता येईल, पण त्यावर बसलेल्या माणसाला ते कधी विचारावं लागलेलं नाही. आणि रस्तारुंदीच्या नकाशात पहिला बळी त्याचाच जातो.

रस्तारुंदीबद्दल मला कडक बोलायचं आहे. जुन्या वस्तीतला रस्ता रुंद केल्याने वाहतूक कोंडी सुटते, हा भ्रम आहे. दहा फूट वाढवले की तिथे आणखी गाड्या येतात, त्यातल्या निम्म्या उभ्या राहतात, आणि दोन वर्षांत चालणाऱ्याला पूर्वीपेक्षा कमी जागा उरते. न्यूयॉर्कच्या जुन्या मॅनहॅटनमधून दहा पदरी उन्नत महामार्ग न्यायचा घाट रॉबर्ट मोझेस या तिथल्या बड्या अधिकाऱ्याने घातला होता. तो झाला असता तर सोहो भागातल्या ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या जुन्या इमारतींची अख्खी रांग गेली असती. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज आणि तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. १९६२ मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला, पुन्हा वर आला, आणि १९६९ पर्यंत कायमचा बारगळला. त्या महामार्गावाचून न्यूयॉर्क ठप्प झालं नाही. जेकब्ज यांच्या निधनानंतर, २००७ पासून, टोरांटोमध्ये त्यांच्या नावाने मे महिन्यात पायी फेऱ्या निघू लागल्या आणि पुढे त्या अनेक देशांत पोचल्या. फुकट, कुणीही काढावी अशी फेरी, आणि पुढे चालणारा त्याच गल्लीतला रहिवासी. फेरीत बोलायचं सगळ्यांनी, हे तिचं वैशिष्ट्य. मला ती कल्पना पटते, कारण ती मित्रांच्या भटकंतीच्या फार जवळ जाते.

गाड्या बंद करा म्हटलं की पहिला आवाज दुकानदारांचा येतो. मी त्यांना शत्रू मानत नाही. ज्याचं पोट त्या रस्त्यावर आहे, त्याला भीती वाटणारच. कोपनहेगनमध्ये १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रोगेट हा जुन्या भागातला मुख्य रस्ता प्रयोग म्हणून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही धंदा बसेल म्हणून विरोध केला होता. हवा थंड, लोक बाहेर थांबणार नाहीत, असंही म्हटलं गेलं. १९६४ मध्ये तो निर्णय कायम झाला. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तिथली पायी चालण्याची जागा टप्प्याटप्प्याने सहापट झाली. टप्प्याटप्प्याने, हे महत्त्वाचं. स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने १९९९ मध्ये सुरुवातच जुन्या भागापासून केली. माल उतरवणारी गाडी, रहिवाशाची गाडी, रुग्णवाहिका यांना वाट ठेवली. नुसत्या येण्याजाण्याची आणि जागा शोधत गोल फिरणारी वाहनं काढली. पुढे त्यांनी मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा एक नकाशा काढला. त्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पायी किती मिनिटं लागतात, एवढंच आहे. तो पाहिला की कळतं, बहुतेक जागा आपण समजतो त्यापेक्षा जवळ असतात.

आपल्याकडचं ऊन आणि आपल्याकडची गर्दी बघता हे इथे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी जुन्या वस्त्यांकडेच पाहायला सांगेन. अरुंद बोळ हे उन्हावरचंच उत्तर आहे. दोन्हीकडच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. मोरोक्कोतल्या फेसची जुनी वस्ती आजही मोटारींशिवाय चालते. माल खेचरांवर येतो आणि खेचरवाला 'बालक! बालक!' म्हणजे 'बाजूला व्हा!' असं ओरडत येतो. तिथला उन्हाळा कमी कडक नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा साधारण १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने घडवून २०२१ मध्ये खुला केला. सकाळी ९ ते रात्री ९ तिथे मोटार वाहनांना बंदी आहे. शहाजहानच्या मुलीने, जहानआराने, सतराव्या शतकात आखलेला तो चौक. नियम मोडल्याच्या तक्रारी तिथून वारंवार छापून येतात. पण तक्रार करायला आता नियम तरी आहे, आणि दुपारी तिथे मधोमध उभं राहून वर बघता येतं, हे मला मोठं वाटतं. जुन्या रस्त्यात मान वर करता येणं सोपं नाही. खालून धक्का लागेल ही भीती असली की नजर जमिनीवरच राहते आणि वरचे दोन मजले पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहतच नाही.

आता खरा कठीण आक्षेप. चालण्याजोगी केलेली जुनी वस्ती छान दिसते, मग लोक येतात, मग घरभाडी वाढतात, आणि मग राहणारे जातात. हा आक्षेप खरा आहे. त्याला झटकून टाकणाऱ्या वारसाप्रेमींशी माझं पटत नाही. व्हेनिसमध्ये मोटारी कधीच नव्हत्या. जगात पायी हिंडायला त्याहून मोकळं जुनं शहर सापडणार नाही. तिथल्या ऐतिहासिक भागात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. पॅरिसमधला 'मारे' हा जुना भाग हे दुसरं उदाहरण. फ्रान्सने १९६२ मध्ये मालरो कायदा करून अख्ख्या जुन्या वस्त्यांना संरक्षण द्यायला सुरुवात केली. त्यामुळे मारेतली पडायला आलेली जुनी घरं वाचली, पण त्या घरांत राहणारे कारागीर आणि साधी कुटुंबं हळूहळू बाहेर पडली. भिंती राहिल्या, "बसा" म्हणणारे गेले.

मग चालणं थांबवायचं का? मला वाटतं, राहणं टिकवायचं आणि चालण्याला रीत लावायची. बोलोन्याचं नाव पुन्हा घ्यावं लागतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या शहराने सार्वजनिक घरबांधणीचा निधी शहराबाहेर नव्या इमारती उभ्या करण्याऐवजी जुन्या भागातली साधी घरं दुरुस्त करायला वापरायचं ठरवलं, आणि त्यामागचा हेतू उघड होता: जे तिथे राहतात त्यांनीच तिथे राहावं. सगळं मनासारखं घडलं नाही, मालकांशी वाटाघाटी कराव्या लागल्या. पण माणसांसह वस्ती जपायची, ही गोष्ट शहराच्या योजनेत लिहिली गेली. आपल्याकडे वारशाच्या यादीत इमारतीचा दर्जा असतो, कमानीचा असतो. भाडेकरूचा उल्लेख तिथे नसतो.

चालण्याच्या रितीबद्दलही शहरं शिकत आहेत. ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये जुन्या मध्यभागात वाटाड्यामागच्या घोळक्यावर १५ जणांची मर्यादा घातली. व्हेनिसने २०२४ मध्ये २५ ची घातली आणि वाटाड्यांच्या ध्वनिक्षेपकांवर बंदी आणली. क्योटोच्या गिओन भागात त्याच वर्षी रहिवाशांनी काही खाजगी बोळ पर्यटकांना बंद केले. शिरल्यास दहा हजार येनचा दंड. आपल्या आवडत्या वाटा बंद झाल्या की वाईट वाटतं, पण गिओनच्या रहिवाशांशी मी सहमत आहे. कुणाच्या दारात जाऊन, न विचारता, त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढणं ही भटकंती नव्हे. दहा जणांची सहल आणि शंभर जणांची फेरी यांत फरक पडतो, आणि तो फरक नियमात लिहायला लाजू नये. मी तर म्हणेन, वाटाड्याचा परवाना देताना शहराने आधी विचारावं: या गल्लीतल्या लोकांना तुम्ही भेटलात का?

दार बंद होण्याला उपाय नाही असंही नाही. त्या आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांच्या घरासमोरचा बोळ पूर्वी आरपार जायचा, पलीकडच्या चौकात निघायचा. तो एका घराच्या पोटातून जातो. वीसेक वर्षांपूर्वी त्या घरच्यांनी मध्ये लोखंडी दार बसवलं. "त्यांचं तरी काय चुकलं?" आजोबा म्हणाले. "रात्री लोक आत येऊन लघवी करायचे. त्यांनी किती दिवस धुवायचं?" त्या एका दारामुळे शाळेत जाणाऱ्या पोरांना आता मोठ्या रस्त्यावरून, गाड्यांमधून, दुप्पट लांब फिरून जावं लागतं.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात असेच घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. रेशमाचे कारागीर त्यांतून माल नेत. आज त्यांतले काही लोकांना खुले आहेत, आणि त्यामागे साधा व्यवहार आहे: घरमालक दिवसा दार उघडं ठेवतो, आणि त्या बदल्यात झाडलोट, दिवे, डागडुजी यांच्या खर्चात शहर हातभार लावतं. आत हळू बोला, लोक राहतात, अशा पाट्या लागलेल्या असतात. ज्या बोळाला कुलूप लागलं त्याच्या मालकाला नोटीस पाठवण्याआधी आपल्या शहरांनी कोपऱ्यावर एक स्वच्छ मुतारी बांधावी, दिवा लावावा, आणि मग त्याला विचारावं, आता दिवसा उघडाल का? मला खात्री आहे, बरेच जण उघडतील. अहमदाबादचा अनुभव हेच सांगतो. तिथल्या पोळींमधून, म्हणजे दरवाजाच्या आतल्या त्या दाट वस्त्यांमधून, महापालिकेने १९९७ मध्ये सकाळची पायी फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. युनेस्कोचा जागतिक वारसा शहराचा दर्जा, भारतातला पहिला, त्यानंतर वीस वर्षांनी, २०१७ मध्ये आला. आधी पावलं आली, दर्जा मागून आला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या दिवशी परतताना अंधार पडू लागला होता. दोन घरांमधल्या निरुंद जागेत भिंतीवर जुनं रंगकाम अर्धवट उरलं होतं, आम्ही मोबाइलच्या उजेडात ते पाहत होतो. गुडघा दुखणारी माझी मैत्रीण म्हणाली, "तुम्ही तिघं आहात म्हणून मी इथे थांबले. एकटी असते तर या बोळात पाऊलही टाकलं नसतं." ती याच शहरात वाढली. पन्नाशीची आहे. आपल्याच शहराचा सर्वांत जुना भाग तिला बघायचा असेल, तर तिला आधी तिघांची वेळ जुळवावी लागते. मित्रांसोबत हिंडण्याचं मी एवढं कौतुक करते, पण सोबत ही आवड असावी, अट असू नये. बोळातला दिवा हा दर्शनी भिंतीवर उजेड पाडण्यासाठी नसतो, पायाखाली पडला पाहिजे. संध्याकाळी सातनंतर एकटी बाई जिथून शांतपणे जाऊ शकते, ती वस्ती जपलेली. यापेक्षा नेमकी मोजपट्टी मला सुचत नाही. आणि ती मोजपट्टी पुन्हा राहणाऱ्यांपाशीच येते, कारण वरच्या खिडकीत उजेड असला, दारात कुणी बसलेलं असलं, की बोळ आपोआप सुरक्षित होतो. सगळ्या घरांच्या पाहुण्यांच्या खोल्या आणि गोदामं झालेल्या गल्लीत कितीही कॅमेरे बसवा, तो धीर येत नाही.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. जुन्या बोळात पदपथ वेगळा काढता येत नाही, आणि काढूही नये. अख्खा बोळच पदपथ आहे, असं शहराने जाहीर करावं. गाड्या तिथे पाहुण्या. पाहुण्याने हळू यावं आणि फार वेळ थांबू नये. पण लोक राहत आहेत तोवर गॅसचा सिलिंडर येणार, आजारी माणसाला न्यायला गाडी येणार, त्यांना वाट ठेवावीच लागेल. ती ठेवूनही चौघांना चालायला जागा उरते. लावून ठेवलेल्या गाड्या तेवढ्या काढाव्या लागतात. त्यांच्यासाठी वस्तीच्या बाहेर, पाच-सात मिनिटांवर, रहिवाशांना परवडेल असा वाहनतळ हवा. रस्तारुंदीच्या भूसंपादनावर जो पैसा जाणार आहे, त्यातून तो होऊ शकतो. फरशी पायाखाली हलणार नाही अशी बसवावी, गुळगुळीत ग्रॅनाइट घालू नये. पावसात माणसं पडतात आणि जुन्या दगडाची खूणही पुसली जाते. आमच्या बांधकामवाल्या मित्राचा यावर फार जीव आहे. त्याचं म्हणणं, जुनी फरशी उचलून पुन्हा नीट बसवणं हे नव्या फरशीपेक्षा कष्टाचं असतं, म्हणून निविदेत ते येत नाही.

रस्तारुंदीच्या प्रस्तावावर हरकती-सूचना मागवल्या आहेत, हे आम्हाला आठवडाभराने समजलं. चौघांनी मिळून हरकत लिहायला घेतली. अर्जात जागेचं वर्णन आणि मोजमाप मागितलं होतं, म्हणून पुढच्या रविवारी टेप घेऊन परत गेलो. आजोबा होतेच. दुसरं टोक त्यांनी धरलं. ओट्याची लांबी सात फूट, रुंदी दोन फुटांना थोडी कमी, उंची दीड फूट. मधे, जिथे सगळे बसतात, तिथे दगड झिजून अर्धा इंच खाली गेलेला. मित्राने तेही मोजून लिहिलं. आजोबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला.

"किती माणसं बसतात ते लिहिलं नाहीत," ते म्हणाले. "सहा. पोरं असली तर आठ."